आधी गच्ची, मग दिवाणखाना : घराच्या नूतनीकरणात पैसा कुठे सार्थकी लागतो, याचा चेन्नईने घालून दिलेला धडा

चेन्नई : डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत अड्यार नदीने पात्र सोडले आणि दक्षिण चेन्नईतील हजारो घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. त्याआधीच्या नोव्हेंबर महिन्यातच शहरात १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. पाणी ओसरल्यानंतर शहरात घरदुरुस्तीची जणू लाट आली. भिंतींना नवे रंग लागले, नवी कपाटे आली, स्वयंपाकघरे नव्याने बांधली गेली. आठ वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने वेलाचेरी, पल्लिकरणै, मुडिचूर या परिसरांना पुन्हा वेढले. ज्या घरांची दुरुस्ती रंग आणि फर्निचर यांपुरतीच झाली होती, तेथे जुन्याच नुकसानीची पुनरावृत्ती ठरलेली होती. ज्यांनी मधल्या काळात जोते, विजेचे फलक आणि पाण्याची टाकी यांचा विचार केला होता, त्यांचे ओझे तुलनेने हलके होते.

घराचे नूतनीकरण म्हटले की आज डोळ्यांपुढे येते ते मॉड्युलर किचन, फॉल्स सिलिंग, काचबंद बाल्कनी आणि चकचकीत फरशी. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांनी ही आवड देशभर सारखीच करून टाकली आहे. मात्र घर कोणत्या हवेत उभे आहे, हे छायाचित्रात दिसत नाही. चेन्नईत घराला तीन गोष्टींशी सामना करावा लागतो : पाणी, ऊन आणि खारी हवा. या तिघांना आधी उत्तर देणारे काम टिकते. ते न देता केलेली सजावट चार-दोन पावसाळ्यांत पोपड्यांच्या रूपाने गळून पडते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील घरांनाही हाच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

जुन्या घरांची रचना

मैलापूर आणि तिरुवल्लिकेणी, म्हणजे इंग्रजांच्या काळापासूनचे त्रिप्लिकेन, या भागांतील जुनी घरे या हवेला समजून बांधलेली होती. रस्त्याच्या बाजूला उंच तिण्णै, म्हणजे आपल्याकडील ओटा. आत मुट्रम, म्हणजे वाड्यातील चौक. तंजावरच्या मराठी राजवटीपासून (१६७६ ते १८५५) तमिळ मुलखात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांना ही रचना ओळखीचीच वाटली असेल. ओट्यामुळे जोते रस्त्यापेक्षा वर राही, चौकामुळे गरम हवा वर निघून जाई आणि पावसाचे पाणी अंगणातच मुरे किंवा विहिरीला मिळे.

छपरासाठी ‘मद्रास टेरेस’ ही खास पद्धत होती. सागवानी तुळयांवर विटा उभ्या धरून तिरक्या ओळींत चुन्यात बसवल्या जात, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातील थर ठोकून घट्ट केला जाई आणि सर्वांत वर सपाट फरशी येई. हे छप्पर जाड असे. उन्हाची धग खाली उतरायला वेळ लागे आणि चुन्यामुळे छपराला थोडी लवचीकताही मिळे. काँक्रीट स्लॅब आल्यानंतरही या पद्धतीचा वरचा भाग शिल्लक राहिला. विटांचे तुकडे व चुना यांचा सुमारे ७५ मिलिमीटर जाडीचा थर आणि त्यावर भट्टीत भाजलेल्या पातळ फरश्या, असे गच्चीचे आच्छादन तमिळनाडूत आजही घातले जाते. मुंबई-पुण्यातील ब्रिकबॅट कोब्याचे ते दक्षिणेकडील भावंड होय.

चेन्नईच्या दक्षिणेला मुट्टुकाडू येथे १९९६ मध्ये खुल्या झालेल्या दक्षिणचित्र या संग्रहालयात दक्षिण भारताच्या चारही बाजूंची जुनी घरे मूळ जागेवरून सोडवून आणून पुन्हा उभारलेली आहेत. नूतनीकरणाचा विचार करणाऱ्याने तेथे तासभर घालवला, तर सावली, वारा आणि उतार यांचे गणित नकाशाशिवाय समजते.

पहिला खर्च गच्चीचा

चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असतो. महाराष्ट्रात पाऊस जूनपासून चार महिने पसरतो. येथे तो थोड्या दिवसांत आणि बहुधा वादळासोबत कोसळतो. त्यामुळे गच्चीवर पाणी साचणे हा येथील घराचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो.

गळतीवर सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे गच्चीवर रसायनाचे दोन हात फिरवणे. तो अनेकदा फसतो, कारण दोष बहुधा लेपात नसतो, उतारात असतो. गच्चीला पाण्याच्या नळाकडे दर मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा. कठड्याच्या भिंतीचा व स्लॅबचा सांधा गोलाई देऊन भरलेला हवा आणि पन्हाळीच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी हवी. आधी जुना, सुटलेला थर काढणे, भेगा भरणे, उतार सुधारणे, मग जलरोधक लेप आणि त्यावर संरक्षक फरशी, असा क्रम पाळला तरच काम टिकते. काम झाल्यावर नळाची तोंडे बांधून गच्चीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी किमान २४ तास, शक्यतो ४८ तास साठवून खालचे छत तपासणे, ही साधी परीक्षा आहे. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यावा, असे करारातच लिहून घेणे हिताचे.

ऊन आणि वारा

३१ मे २००३ रोजी चेन्नईच्या नुंगम्बाक्कम वेधशाळेत ४५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. इतका पारा रोज चढत नाही. पण दमट हवेमुळे ३६-३७ अंशांचा दिवसही अंगाला असह्य होतो. वरच्या मजल्यावरील घरात उष्णतेचा मोठा भाग छपरातून येतो. म्हणून गच्चीच्या दुरुस्तीतच उष्णतेची सोय करणे स्वस्त पडते. पांढऱ्या रंगाचा परावर्तक लेप, पांढऱ्या फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, किंवा साधी चुन्याची सफेदी, या सर्वांमागील तत्त्व एकच आहे : ऊन स्लॅबमध्ये शिरण्यापूर्वीच परत पाठवणे. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये शीतल छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तीत उष्ण-दमट प्रदेशातील घरांसाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सुमारे एक षष्ठांश असावे, असे म्हटले आहे. ६० चौरस मीटरच्या सदनिकेत हे क्षेत्र १० चौरस मीटर होते. ही नवीन इमारतींसाठीची मोजपट्टी असली, तरी नूतनीकरणात ती डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहे. आज सर्वाधिक होणाऱ्या कामांपैकी एक, म्हणजे बाल्कनी काचेने बंद करणे, नेमके याच्या उलट जाते. खोली मोठी होते, पण सावली जाते आणि वारा अडतो. पुढे वातानुकूलन यंत्राचे बिल वाढते. त्याऐवजी सज्जा वाढवणे, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा लावणे आणि सरकत्या तावदानांऐवजी पूर्ण उघडणारी दारे बसवणे, यांचा खर्च कमी आणि उपयोग अधिक.

पंख्यांचा बदल हेही असेच छोटे पण सार्थ काम. जुना छताचा पंखा सुमारे ७० ते ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी प्रकारचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालणारे चार पंखे बदलले, तर रोज सुमारे अडीच युनिट वीज वाचते. तमिळनाडूत घरगुती वीजबिल दोन महिन्यांनी येते आणि वापर वाढेल तसा दर चढत जातो. त्यामुळे दीडशे युनिटांची ही बचत वरच्या दराच्या टप्प्यातून कमी होते.

गच्चीवरील सौर पॅनेलसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये केंद्रीय साहाय्य ठरवण्यात आले. एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते. मात्र क्रम चुकवू नये. गळक्या गच्चीवर पॅनेल उभारले, तर दोन वर्षांनी गळती काढण्यासाठी तेच सोडवावे लागतात.

खारी हवा आणि गंजणाऱ्या सळया

बेसंट नगरपासून तिरुवोट्टियूरपर्यंत समुद्रालगतच्या वस्त्यांत छताचे पोपडे निघून आतली लाल सळई दिसणे, हे नेहमीचे दृश्य. समुद्री हवेतील क्षार काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचतात. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या कित्येक पट फुगते आणि आतून दाब देऊन काँक्रीट फोडते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) नुसार किनारी हवेला उघड्या असणाऱ्या काँक्रीटची गणना ‘तीव्र’ वर्गात होते आणि तेथे सळईवर ४५ मिलिमीटर आवरण व किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट अपेक्षित आहे. जुन्या इमारतींत हे आवरण पुष्कळदा याच्या निम्मेही आढळत नाही.

यावर गिलावा करून वर पीओपीचे फॉल्स सिलिंग लावणे, ही सर्वांत महागडी चूक होय. रोग झाकला जातो आणि वाढ चालू राहते. योग्य उपचारात सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत खरवडून काढतात, सळई घासून गंजरोधक लेप देतात, झिजलेल्या सळईला जोड देतात आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने पोकळी भरतात. त्याआधी ओल येण्याचे मूळ बंद करावे लागते. तुळई किंवा खांबात सळईच्या दिशेने धावणारी भेग दिसली, तर रंगारी किंवा अंतर्गत सजावटकार नव्हे, संरचना अभियंता बोलवावा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते.

लक्षणे वेळेवर वाचण्याचे मोल या शहराने पाहिले आहे. २७ डिसेंबर २०२१ रोजी तिरुवोट्टियूर येथील सरकारी वसाहतीची एक इमारत कोसळली आणि २४ घरे जमीनदोस्त झाली. भेगा वाढताना पाहून रहिवासी आधीच बाहेर पडले होते, म्हणून जीवितहानी टळली.

वजन आणि भिंती यांचेही भान हवे. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवण्याची पद्धत वेळ वाचवते. पण मसाला आणि फरशी मिळून ५० मिलिमीटरचा थर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० किलो वजन टाकतो. घराच्या स्लॅबचा विचार साधारणतः चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून केलेला असतो. त्याचा निम्मा भाग एका फरशीतच संपतो. दहा चौरस मीटरच्या खोलीत हे वजन एक टन होते. दिवाणखाना मोठा करण्यासाठी भिंत पाडणे त्याहून गंभीर. खांब-तुळयांच्या इमारतीत मधली भिंत काढता येते. विटांच्या भारवाही बांधकामात तीच भिंत वरचा मजला पेलत असते. भूकंपाच्या नकाशात चेन्नईला २००२ मध्ये दुसऱ्या विभागातून तिसऱ्या विभागात घालण्यात आले. त्याआधीची घरे त्या कसोटीवर बांधलेलीच नाहीत. वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने दार हलवतानाही हाच प्रश्न आधी विचारावा.

पुराचे पाणी : जोते, टाकी आणि वीज

चेन्नईतील अनेक जुनी घरे आज रस्त्यापेक्षा खाली गेली आहेत. वर्षानुवर्षे रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि एकेकाळी दोन पायऱ्या चढून जायचे ओटे रस्त्याच्या पातळीला आले. मे २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन मुख्य सचिव व्ही. इरै अन्बू यांनी जुना थर खरवडल्याशिवाय नवा थर टाकू नये, असे निर्देश दिले. पण तोवर खाली गेलेली घरे खालीच राहिली. अशी घरे जॅकवर उचलून नवे जोते बांधण्याचा उद्योग त्यामुळे शहरात फोफावला. हे काम जोखमीचे आहे. पाया, भिंतींची स्थिती आणि शेजारच्या इमारती यांचा अभियंत्याचा लेखी अहवाल नसताना ते हाती घेऊ नये.

घर उचलणे सर्वांना शक्य नाही, पण नुकसान उंचावर नेणे शक्य आहे. वीजमापक, मुख्य फलक, मोटरचा स्विच आणि इन्व्हर्टर मागील पुराच्या खुणेपेक्षा वर घ्यावेत. तळमजल्याची वायरिंग स्वतंत्र एमसीबीवर असावी, म्हणजे तेवढाच भाग बंद करता येतो. गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण आणि योग्य अर्थिंग, या दोन गोष्टी कोणत्याही सजावटीच्या आधी येतात. ओल्या भिंतींच्या शहरात तो जीवाचा प्रश्न आहे. भूमिगत टाकीचे तोंड जमिनीबरोबर असेल, तर पुराचे आणि गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते. तोंडाभोवती कठडा बांधणे आणि सांडपाण्याच्या नळावर पाणी उलट येऊ न देणारी झडप बसवणे, हे काही हजारांचे काम पुढील आजारपण टाळते.

तळमजल्यावर सामान कोणते निवडले, यालाही महत्त्व आहे. लाकडाच्या भुशापासून बनवलेले फळे पाण्यात काही तासांत फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. आंध्रातील ज्या कडप्प्याने महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांचे ओटे व फडताळे घडवली, तोच दगड येथेही दोन पिढ्या वापरात आहे. कडप्प्याचे कप्पे आणि त्यांना फक्त बदलता येणारी दारे, ही जुनी पद्धत पूरप्रवण भागात मॉड्युलर किचनपेक्षा शहाणपणाची ठरते. पाणी ओसरले की धुऊन पुसून ती वापरता येते.

ज्या शहरात पूर, त्याच शहरात टंचाई

पुराच्या शहरातच १९ जून २०१९ रोजी पाणी संपल्याची बातमी जगभर पोहोचली. पूंडी, चोलवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. म्हणूनच चेन्नईतील घरदुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पाऊसपाणी संकलनाला स्थान हवेच.

तमिळनाडूने २००३ मध्ये राज्यातील सर्व इमारतींना पाऊसपाणी संकलन बंधनकारक केले. त्याच्या आदल्याच वर्षी शेखर राघवन यांच्या ‘आकाश गंगा’ न्यासाने चेन्नईत ‘रेन सेंटर’ सुरू केले होते. गच्चीवरील पाणी विहिरीत कसे सोडावे, याची माहिती तेथे नमुन्यांसह मिळते. गणित सोपे आहे. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात १,४०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला, तर १ लाख १२ हजार लिटर पाणी मिळते. ते गाळून टाकीत घेता येते, किंवा उघड्या विहिरीत अथवा शोषखड्ड्यात सोडून भूजल वाढवता येते. समुद्रालगत हे विशेष मोलाचे आहे, कारण विंधन विहिरींतून बेसुमार उपसा झाला की गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेते.

२००३ च्या सक्तीनंतर बसवलेल्या अनेक यंत्रणा कालांतराने गाळाने भरल्या. नवीन बसवण्यापेक्षा जुनी उकरून, वाळू-खडी बदलून चालू करणे स्वस्त पडते. घरामागील बुजवलेली विहीर शक्य असल्यास पुन्हा उघडणे, हे नूतनीकरणातील सर्वांत दुर्लक्षित आणि दीर्घकाळ उपयोगी पडणारे काम होय.

दिसणाऱ्या कामांत काय निवडावे

सौंदर्याचा हट्ट चुकीचा नाही; तो या हवेशी जुळणारा असावा एवढेच. अलीकडे चेन्नईत जुन्या कारागिरीकडे पुन्हा ओढा दिसतो. काचेवर ओतून हाताने बनवलेल्या, चेट्टिनाड भागातील आत्तंगुडीच्या रंगीत फरश्या, लाल ऑक्साइडची घोटलेली जमीन, चुन्याचा गुळगुळीत गिलावा आणि काराईकुडीच्या जुन्या बाजारातून आणलेले सागवानी खांब, ही त्याची उदाहरणे. यांतील चुन्याचा गिलावा ओल श्वासासारखी बाहेर टाकतो. त्यामुळे जुन्या विटांच्या भिंतींवर तो सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा आणि प्लास्टिकयुक्त रंगापेक्षा अधिक मानवतो. आत्तंगुडी फरशी मात्र काम येणाऱ्या कारागिरानेच बसवावी. आम्लयुक्त द्रवाने ती एकदा पुसली की तिची झळाळी जाते.

ज्या कामाचा खर्च सर्वांत नक्की वसूल होतो, ते म्हणजे न्हाणीघर. केंद्र सरकारच्या ‘भारतातील ज्येष्ठ नागरिक २०२१’ या अहवालातील अंदाजानुसार तमिळनाडूत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण १३.६ टक्के होते; देशात केरळखालोखाल ते सर्वाधिक. मुले परदेशी किंवा परगावी आणि आई-वडील चेन्नईत, अशी घरे थोडी नाहीत. न घसरणारी फरशी, भिंतीत पक्के बसवलेले आधारदांडे, उंबरठ्याशिवायचा प्रवेश, बाहेर उघडणारे दार आणि रात्री उजेड, इतक्या बदलांनी एक पडणे टळले, तरी सारा खर्च वसूल झाला असे समजावे. याच कामात जुने गंजलेले नळही बदलून घ्यावेत, म्हणजे फरशी पुन्हा फोडावी लागत नाही.

खर्च परत मिळतो का?

विकताना किंमत वाढेल, या आशेने अनेकजण मोठा खर्च करतात. चेन्नईच्या बाजारात हा हिशेब बहुधा जुळत नाही. येथे सदनिकेच्या किमतीचा कणा असतो ‘यूडीएस’, म्हणजे इमारतीखालील जमिनीतील अविभक्त हिस्सा. जुन्या बंगल्याचा खरेदीदार तर पुष्कळदा जमिनीचाच भाव मोजतो आणि घर पाडतो. त्याला फॉल्स सिलिंगचे मोल नसते. गळती नसणे, कागदपत्रे स्वच्छ असणे आणि पाण्याची सोय असणे, हे मात्र भाव पाडू देत नाही. त्यामुळे नूतनीकरणाचा लाभ विक्रीच्या दिवशी नव्हे, राहण्याच्या वर्षांत मोजावा.

म्हणूनच किती वर्षे या घरात राहायचे आहे, हा पहिला प्रश्न ठरतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक इमारतींपुढे आज पुनर्विकासाचा पर्याय आहे. २०२४ मध्ये अमलात आलेल्या तमिळनाडू सदनिका मालकी कायद्याने (२०२२) दोन-तृतीयांश मालकांच्या संमतीने पुनर्विकासाची वाट मोकळी केली. इमारत पाच वर्षांत पाडली जाण्याची शक्यता असेल, तर छत सुरक्षित करणे, वायरिंग आणि न्हाणीघर एवढ्यावर थांबावे. किमती फर्निचर करायचेच असेल, तर हलवता येणारे करावे.

कराचाही विचार आवश्यक आहे. घरात भर घालणाऱ्या भांडवली कामांचा खर्च पुढे विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यातून वजा मागता येतो. नेहमीची रंगरंगोटी त्यात धरली जात नाही. त्यासाठी पक्की बिले आणि बँकेतून केलेली देयके जपावी लागतात. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या कररचनेत वर्षाला कमाल ३० हजार रुपयांची वजावट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या दराने दिलेले अंदाजपत्रक त्यामुळे पुन्हा तपासून घ्यावे.

परवानगी, करार आणि मुहूर्त

रंग, गिलावा, फरशी यांसारख्या कामांना सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. मजला चढवणे, खोली वाढवणे किंवा संरचनेत बदल करणे यांना ‘तमिळनाडू संयुक्त विकास व बांधकाम नियम, २०१९’ लागू होतात आणि स्थानिक संस्थेची मंजुरी घ्यावी लागते. सदनिकेत बाह्य भिंत, गच्ची आणि नळांचे उभे मार्ग सामाईक असतात. त्यांना हात लावण्यापूर्वी रहिवासी संघटनेची लेखी संमती घ्यावी.

करारात चौरस फुटामागे एकच दर लिहून भागत नाही. कामाची यादी, मापे, साहित्याची प्रत व नाममुद्रा, राडारोडा कोण उचलणार, विलंब झाल्यास काय, आणि कोणत्या टप्प्याला किती पैसे, हे सारे नमूद हवे. भिंती उघडल्यावर काय निघेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून अंदाजाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. गच्चीच्या कामाला जानेवारी ते मार्च हा उत्तम काळ. मे महिन्यात, ज्याला येथे ‘अग्नि नक्षत्रम’ म्हणतात त्या दिवसांत, सिमेंट लवकर सुकून तडे जातात. काम करायचेच असेल तर त्यावर पाणी मारण्याची चोख व्यवस्था लागते. जुलैच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या आडी महिन्यात गृहप्रवेशासारखी शुभकार्ये टाळण्याची रूढी आहे. आतील दुरुस्तीला मात्र हा काळ सोयीचा ठरू शकतो. काहीही झाले तरी गच्ची आणि पन्हाळी सप्टेंबरअखेर तयार हव्यात, कारण ऑक्टोबरात आभाळ थांबत नाही.

या सर्वांतून एक साधा अनुक्रम निघतो. प्रथम संरचना आणि सळया, मग गच्ची, नळ आणि निचरा, त्यानंतर वीज, मग पाणीसाठा आणि उष्णतेची सोय, पुढे न्हाणीघर व स्वयंपाकघर, आणि शेवटी रंग व शोभा. पैसे कमी पडले, तर यादी खालून कापावी, वरून नव्हे. मर्यादित पैशांत एकच काम करायचे असेल, तर येत्या पावसात ज्या कामाअभावी घरातील माणसांना सर्वाधिक त्रास होईल, ते काम पहिले. पाहुण्यांना ते दिसणार नाही. डिसेंबरातील एखाद्या रात्री पाऊस धो-धो कोसळत असताना घरातली माणसे शांत झोपली, तर ते काम सार्थकी लागले.